चेनला दिलेलं करडीचं तेल

विषय : मोटारसायकलच्या चेनला तेल देणे व त्यावरून पत्नीने मागे बसण्यास दिलेला नकार.

अंबडला भाचीचा साखरपुडा होता. निघताना चेन करकरत होती. मी ती पुसली आणि भजे तळून उरलेलं करडीचं तेल वाया जाऊ नये म्हणून तिच्यावर सढळ हाताने ओतलं. अंबडला उतरलो, तर हिच्या नव्या साडीवर काळ्या शिंतोड्यांची रांगच.

धाकट्या बहिणीने दारातच वास घेतला. "वहिनी, भजे तळून आल्ता का?"

"न्हाई हो वन्सं. तुमच्या भावानं आज चेन तळली."

ही एसटीने परतली. पुन्हा मागे बसावं, अशी मी तोंडी विनंती केली. तिने लेखी मागितली. अर्ज दिला आहे. प्रलंबित आहे.