खळ सुटलेला नकाशा

नर्मदा : अहो, त्या खुंटीला हात लावू नका. श्रीखंडाचा चक्का टांगलाय.

खंडेराव : इथे माझा नकाशा होता. लडाखचा.

नर्मदा : होता.

खंडेराव : नर्मदे, हे फडकं... हे तर नकाशामागचं कापड!

नर्मदा : तेच. दांडी गावच्या मैनाबाई मासळी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "वयनी, खळीनं डकवलाय. कोमट पान्यात टाका, सुटंल. कापड चांगला हाय." टाकला. सुटला.

खंडेराव : आणि कागद?

नर्मदा : लगदा झाला. मोरीपाशी आहे.

खंडेराव : अगं, इंग्रज साहेबाच्या काळचा होता तो! त्यात एक नाला चुकीच्या दरीत दाखवला होता, तो आम्ही बर्फात उभं राहून दुरुस्त केला. शाई गोठायची, दौत काखेत धरून ऊब द्यायचो.

नर्मदा : द्या की ऊब! मोजणीची नोकरी सुटली, तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, म्हणून बोईसरला बिऱ्हाड केलं. वाटलं, आता तरी माणूस घरी येईल. कामावरून आलात की पायातले बूट तसेच, आधी तो नकाशा उलगडायचा. बोट फिरवायचं, तेही किती हळुवार! माझ्या हातावरून फिरलंय कधी?

खंडेराव : तू डोंगरांवर जळतेस?

नर्मदा : जळते! बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. त्या भुंड्यांवर गवताची काडी नाही, उपटू काय?

खंडेराव : नकाशा गेला म्हणून काय झालं? खिंडीन् खिंड पाठ आहे मला.

नर्मदा : असेल. मग माझ्या माहेरच्या घराचं दार कुठे उघडतं, सांगा.

खंडेराव : ...पूर्वेला?

नर्मदा : गोठ्याकडे. दिवाळसणापासून येताय, आणि एवढं ठाऊक नाही.

(खंडेराव कोरा कागद पसरतो, पेन्सिलीला टोक करतो.)

नर्मदा : मांडलात पुन्हा त्या सवतीशी संसार?

खंडेराव : मोजणी पक्क्या खुणेपासून सुरू होते. तुमच्याकडे, माहेरी, तसं काय आहे?

नर्मदा : आमच्याकडे? ...विहीर आहे.

खंडेराव : घरापासून किती लांब?

नर्मदा : आईनं हाक मारली की ऐकू येईल, एवढी.