सोळा मात्रांची शांतता

मास्तर : रविवारच्या उपासनेत दहा मिनिटं शांतता? अहो पाळकबाई, निम्मी मंडळी घोरायला लागतील!

पाळकबाई : घोरू देत. चर्चच्या खिडक्यांचे पडदे ओढायचे, दिवे सगळे बंद. वेदीवर एकच मेणबत्ती. तिच्यावरून शेजाऱ्यानं शेजाऱ्याची लावायची, पार शेवटच्या बाकापर्यंत. मग दहा मिनिटं प्रवचन नाही, गाणं नाही. शेवटी तुमच्या ऑर्गनचा एक सूर, बास.

मास्तर : दोन मिनिटं करा. दोन पुष्कळ झाली.

पाळकबाई : बत्तीस वर्षं ऑर्गन वाजवताय आणि शांततेला घाबरता?

मास्तर : वाजवणाऱ्यालाच ठाऊक, हात थांबले की काय काय ऐकू येतं ते. बरं, पहिली मेणबत्ती कोण लावणार?

पाळकबाई : नाना. आपले घंटावाले. काल त्यांच्या घरी जाऊन आले.

मास्तर : त्यांना कशाला मध्ये आणता? तुम्ही इथं नव्हता तेव्हा. मेणबत्ती जळती ठेवून गेले, वेदीमागचा पडदा जळाला. समितीनं किल्ल्या काढून घेतल्या. दोन वर्षं झाली, आता कशाला उकरायचं?

पाळकबाई : म्हणूनच त्यांनी लावावी, असं मला वाटलं. पण नको म्हणाले. "बाई, मी काडेपेटीला हात लावत नाही. मला विसरायला होतं." वीज गेली की अंधारात बसून राहतात. सून सांगत होती, घराबाहेर पडले की चारदा मागे फिरून गॅस बघतात.

मास्तर : विसरायला होतं? असं ते स्वतः म्हणाले?

पाळकबाई : हो. "मी विझवली असंच मला वाटत होतं, पण सगळे म्हणाले, म्हणजे मीच विसरलो असणार." मास्तर, काय झालं? बसा. पाणी आणू?

मास्तर : नको. विझवली होती त्यांनी. मी पुन्हा लावली. ऑर्गनवरचा बल्ब गेला होता, वहीतलं दिसेना. स्टँडसकट उचलून आणली, सराव केला, परत वेदीवर ठेवली आणि तशीच सोडून घरी गेलो.

पाळकबाई : आणि समितीत गप्प बसलात?

मास्तर : अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय? नाना एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. माझ्याकडेही बघितलं. मी चष्मा पुसत होतो. सोळा मात्रा गेल्या. मोजल्या मी, सवयच आहे मेली. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

पाळकबाई : कशाची भीती होती एवढी?

मास्तर : भीती कसली! लाज वाटली. नुसती लाज.

पाळकबाई : मला राग आलाय तुमचा. खोटं कशाला बोलू?

मास्तर : यायलाच हवा. मी मनाची समजूत घालायचो, म्हाताऱ्याची घंटा तेवढी गेली, वयच झालं होतं. त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला, हे मला कुठं माहीत होतं? आणि माहीत करून तरी कुठं घेतलं? त्यांच्या गल्लीतून जाणंच सोडलं मी.

पाळकबाई : रविवारी शांततेआधी सांगाल? सगळ्यांसमोर?

मास्तर : सांगेन. पण आधी नानांना. आत्ताच जातो. रविवारपर्यंत थांबलो तर पुन्हा गिळून टाकीन.

पाळकबाई : थांबा, मीही येते.

मास्तर : नको. तुम्ही आलात की तुम्हीच बोलाल.