पॉइंट झाला होता

२०२३ साली अन्नपूर्णा मंदिराजवळच्या हाडांच्या दवाखान्यात शशिकलाबाई गुडघा दाखवायला बसल्या होत्या. शेजारी हात मोडलेला कराटेमास्तर परेश आणि त्याला आखाड्यातून घेऊन आलेला पहिलवान पंढरीनाथ. दोघांचं बोलणं बाईंच्या कानावर पडत होतं.

“भिया, मुक्का छातीला टेकवून पीछे कशाला हटलात?” पंढरीनाथनं विचारलं.

“पॉइंट झाला होता. आमच्यात थांबतात.”

“पॉइंट दिला कोणी? मातीनं?”

“मी थांबलो, अन् तुम्ही उचलून आपटलंत!”

“मग काय आरती ओवाळू? ब्लॅक बेल्ट म्हणे! त्यापेक्षा पायजम्याची नाडी बरी.”

“माझ्या पोरांना सांगू नका हो. क्लास रिकामा होईल.”

“सांगायचं काय? सगळी कठड्यावर बसून बघत होती.”

शशिकलाबाईंचा गुडघा काही सुधारला नाही. परेशचा क्लास महिन्यात बंद पडला. पोरं पंढरीनाथकडे गेली, आणि हाताचं हाड जुळल्यावर परेशही त्याच्याकडेच शिकायला गेला. पंढरीनाथ त्याला अजून ‘पॉइंट’ म्हणूनच हाक मारतो.