ठिपके मोजणारं गिऱ्हाईक

या मायबाप, कीर्तनाला बसता तसं जवळ सरका. शिरूरच्या स्टँडवर, दौंडच्या गाडीच्या रांगेत कानी पडलेली गोष्ट सांगते. सुनेला शिलाई मशीन घ्यायचं म्हणून दगडाबाई माळेतला चांदीचा रुपया विकायला दौंडला निघालेल्या. स्टँडवरच जुनी नाणी घेणारा पप्पू तो रुपया भिंगातून बघत होता.

“आजी, लई झिजलाय. चांदीच्या भावानं घेतो.”

“मग भिंग कशाला? वजनाला काटा लागतो.”

“सवय हाय.”

“रुपयावरच्या सालाखालचे ठिपके मोजलेस. दोनदा. ओठ हलत व्हते तुझे.”

“बरं, दुप्पट देतो.”

“लगेच दुप्पट? ठिपक्यांत काय हाय ते सांग आधी.”

“एवढ्या ठिपक्यांचा ठसा कमी सापडतो. तिप्पट घ्या, आजच मशीन न्या!”

“मशीन मला पायजे, आन् घाई तुला! आण इकडं.”

“दौंडात एवढं कोण देणार?”

“न्हाई दिलं तर सून हातानं टाके घालील. पण लबाडाला माझा रुपया न्हाई. चौघांना दाखवीन, आन् ठिपके मीच आधी दाखवीन.”

गाडी लागली. पायरीवर चढून दगडाबाई रांगेतल्या बायांकडं वळल्या.

“बायांनो, जुना रुपया विकाल तवा मला आठवा गं!”