पंचफुलाबाईच्या हातचं येसर

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या व्यापारी मंडळाचे आधारस्तंभ दत्तरावजी, पुण्याहून खास आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राध्यापिका राजेश्रीताई, आजच्या सत्कारमूर्ती सुकेशनीताई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री पंचफुलाबाई, आणि माझ्या सेलूकर बंधू-भगिनींनो,

मी भागवत, मोंढ्यातला किराणा दुकानदार. मला विषय दिलाय ‘प्रभावी मार्केटिंग आणि ब्रँड’. राजेश्रीताईंनी आत्ताच पडद्यावर चित्रं दाखवून तो इतका छान समजावला, की माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही. फार बरं झालं! कारण मला वेगळंच बोलायचंय. सुकेशनीताईंच्या येसर उद्योगाला दहा वर्षं झाली. त्यातली पहिल्या वर्षाची एक गोष्ट खुद्द त्यांना माहीत नाही. ती आज सांगितली नाही, तर त्यांना हार घालायची माझी लायकी नाही. आणि सांगितल्यावर त्या माझ्याशी बोलतील की नाही, देव जाणे.

पाहुण्यांसाठी सांगतो. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. आमच्याकडच्या लग्नात त्याची आमटी नसली, तर वऱ्हाडी नवरीचंही नाव विसरतात. आणि आमटी जमली की पंगतीत पहिला प्रश्न काय येतो? किंमत? छे! “येसर कोणाच्या हातचं हाय?”

तर ताई पहिल्या पुड्या घेऊन माझ्या दुकानात आल्या. पुडीवर ठळक छापलेलं, ‘पंचफुलाबाईच्या हातचं येसर’. खाली आडनाव, आणि वस्तीचा पूर्ण पत्ता. मी चिमूटभर चाखलं. लय भारी! तरी म्हणालो, “नाव जरा बदल की, पोरी. सुगरण टाक, घरंदाज टाक.”

“काका, चवीत खोट हाय का?”

“न्हाई.”

“मग आईच्या नावात हाय व्हय?”

मी तराजू पुसायला घेतला. गावात आडनाव आणि पत्ता वाचला की जात कळते. बौद्ध वस्तीतल्या बाईच्या हातचं लोक लग्नात वाढतील का, ही माझी भीती. तोंडानं बोललो नाही, पण तिला समजायचं ते समजलं. तरी पुड्या ठेवून गेली, कारण मोंढ्यात दुसरं कुणी ठेवूनच घेत नव्हतं.

आता ऐका. त्या प्रत्येक पुडीवर मी माझ्या दुकानाचं लेबल चिकटवलं, बरोबर पंचफुलाबाईंच्या नाव-पत्त्यावर. ताई माल द्यायला यायच्या, तेव्हा पुढं दोन पुड्या बिनलेबलाच्या मांडायचो. केवढी ही अक्कल! माल धडाधड खपला. कुणी विचारलं, “कोणाच्या हातचं?” की मी म्हणायचो, “घरचंच हाय.” वर मनाशी म्हणायचो, पोरीचं भलंच करायलोय की आपण.

वर्षभर हे बिनबोभाट चाललं. मग एक दिवस पाथरीकडच्या चतुराबाई आल्या. मोठ्या बागायतदाराच्या घरच्या, आणि तोंडानं फटकळ. त्यांनी पुडी फोडली, वास घेतला, आणि नखानं माझं लेबल खरवडायला सुरुवात केली.

“पंचफुलाचं हाय व्हय रं, भागवता? वाटलंच मला! ती आमच्या रानात खुरपायला यायची. दुपारी बांधावर तिचं कोरड्यास मी खायची, माझी भाकर तिला द्यायची. घरी सांगायची छाती नव्हती. मी सासरवाशीण, भेकड व्हते. तुला कशाचं भ्या हाय? दुकान तुझ्याच मालकीचं हाय ना?”

दुकानातली सात-आठ गिऱ्हाइकं हे ऐकत होती. चतुराबाई म्हणाल्या, “दहा पुड्या बांध. नाव दिसंल अशा.”

लाज वाटली मला. त्या दिवशी जेवायला घरी गेलो नाही, लेबलं सोलत बसलो. दोन-चार घरांची गिऱ्हाइकी तुटली, खोटं कशाला बोलू? पण बाकीच्यांनी नाव वाचलं, पुडी जराशी हातात फिरवली, आणि पिशवीत टाकली. पुढच्या लग्नसराईत लोक ‘येसर द्या’ म्हणेनात, ‘चार पंचफुलाबाई द्या’ म्हणायला लागले! राजेश्रीताई, यालाच ब्रँड म्हणतात ना? गिऱ्हाईक जे विचारणार, त्याचं खरं उत्तर ताईंनी आधीच पुडीवर छापलं होतं. मार्केटिंग पहिल्याच दिवशी झालं होतं हो. आज त्यांचा माल हैदराबादेपर्यंत जातो, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. दत्तरावजी, अर्धं मिनिट द्या. मंडळाचे, पाहुण्यांचे, आणि हे सगळं शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. दुसरी माफी मात्र सभेकडं मागून चालायची नाही. पंचफुलाबाई, तुम्ही दुकानात आलात की दर वेळी म्हणता, “भागवतभाऊ, तुमच्यामुळं माझं नाव झालं.” नऊ वर्षं मी हे ऐकतोय, आणि हात जोडून गप्प बसतोय. पुन्हा असं म्हणू नका, बाई. मला माफ करा. जय भीम.