वामन जजाचा डबा

पनवेल स्टँडवर मुंबईच्या गाडीच्या रांगेत माधुरीच्या पुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. एकीच्या हातातल्या डब्यातून भाजलेल्या बोंबलांचा वास दरवळत होता, त्यामुळे माधुरीचे कान आपसूक तिकडे लागले.

"मुंबईला निघालीस, हिराबाय? जमिनीच्या केसची तारीख आहे?"

"नाय गं फरिदा. केस गेली दुसऱ्या जजाकडं."

"या अल्ला! तुझ्या वामनकडेच आली होती ना?"

"त्याच्याकडंच. माझ्या ओटीवर राहून वकिली शिकला, अलिबागला जज झाला, मंग हायकोर्टात गेला. चार वर्सं माझ्या हातचं जेवला."

"मग?"

"भर कोर्टात त्येच बोलला. या बाईच्या घरी मी जेवलोय, ही केस माझ्यासमोर नको."

"आणि तू?"

"लय राग आला. मेल्या, जेवलास म्हनून तं माझं ऐकायला पायजे!"

"मग आता कुठे चाललीस?"

"त्याच्या घरी. केस हायकोर्टात गेल्यापासून त्याच्या दारात पाय ठेवला नाय. लोकं म्हनली असती, म्हातारी जजाला बोंबील चारते. आता केस त्याच्याकडं नाय, आता मी चारायला मोकळी."