उशी निघाली म्हणे!

…नाही, मग निघाली तर गेली कुठं? माझा आपला साधा सवाल आहे! स्क्रीनवर हिरवी बरोबरची खूण, खाली ठसठशीत अक्षरं, 'ऑर्डर पुढे पाठवली', आणि माल पाठवणारा फोनवर म्हणतो, 'साहेब, आमच्याकडे काही आलेलंच नाही.' आता दोघांतला एक जण खोटं बोलतोय की नाही? बोला ना! आणि ज्या बाईंनी ती मागवली त्या बिचाऱ्या वाकड्या मानेनं दाराकडे डोळे लावून बसल्यात! कुठंतरी पाणी मुरतंय. तुम्हाला सांगतो, मी संशयी माणूस नाही. मी फक्त खात्री करून घेतो.

तुम्ही म्हणाल, उशी कसली? तर माझं ऑनलाइन दुकान आहे, मान आखडलेल्यांसाठी उशा. दुकान म्हणजे कसं… दुकान नाहीच. गल्ला नाही, फळी नाही, उशी तर घरात औषधालाही नाही! गिऱ्हाइकानं माझ्याकडे मागवायचं, सॉफ्टवेअरनं ती ऑर्डर माल पाठवणाऱ्याकडे ढकलायची, त्यानं परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी पाठवायची. मी माल बघायचा नाही, हात लावायचा नाही, दाबूनसुद्धा बघायचा नाही! आणि हे कुणी करायचं, तर ज्यानं सगळी उमर कारखान्यात तपासनीस म्हणून घालवली त्यानं! माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक खोकं फाटकाबाहेर पडत नव्हतं हो! मालकाच्या मुलीच्या वाढदिवसाचं खोकंसुद्धा मी उघडून बघितलं होतं. आत केक होता, ते सोडा.

कारखाना बंद पडला आणि माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, मोठं गोदाम आहे त्याचं, तो आला गालातल्या गालात हसत, 'साडूभाऊ, कशाला काळजी करता? या की माझ्याकडे. आपलंच आहे!' आपलंच! म्हणजे मी साडूचा नोकर? उद्या घरी जेवताना त्यानं 'जरा मीठ द्या' म्हटलं तरी मला तो हुकूम वाटणार! म्हटलं, मोडेन पण साडूच्या हाताखाली जाणार नाही. म्हणून हे दुकान काढलं. आणि त्यात ते सॉफ्टवेअर कुणी बसवून दिलं असेल? साडूनंच! तेही फुकट! तुम्हाला सांगतो, कुणी काही फुकट दिलं की मी ते आधी उलटं करून बघतो. पण सॉफ्टवेअर उलटं कसं करणार?

तर त्या बाई. निवृत्त शिक्षिका. त्यांचा फोन, 'हे पाहा, माझी मान डावीकडे वळलीय ती वळलीच आहे. घरात उजवीकडे बसतात त्यांना वाटतं मी त्यांच्यावर रुसलेय. सून तर कालपासून माझी समजूत काढतेय! माझी उशी कुठाय?' मी म्हटलं, 'बाई, निघालीय.' तर म्हणतात, 'चालत निघालीय का?' पाठोपाठ दुसरा फोन, तिसरा फोन, सगळ्यांची उशी निघालेली आणि कुणाकडेच पोचलेली नाही. त्यात ज्या ऑनलाइन बाजारात माझं दुकान आहे त्या बाजारवाल्यांची तंबी, 'या आठवड्यात माल गेला नाही तर दुकान बंद करण्यात येईल.' बंद! बंद झालं की पुढं काय? पुढं साडूचं गोदाम! मला तर त्या गोदामाचं शटर वर जाताना ऐकू यायला लागलं.

मग डोकं चालवलं. म्हटलं, ऑर्डर माझ्याकडून निघते, तिकडे पोचत नाही, मध्ये सॉफ्टवेअर, आणि सॉफ्टवेअरच्या मागे कोण? ज्याच्याकडे रिकामं गोदाम आहे तो! माझी गिऱ्हाइकं परस्पर तिकडे वळत नसतील कशावरून? दुकान बुडावं, मी शरण जावं, हाच डाव नसेल कशावरून? मी संशयी नाही हं, मी फक्त खात्री करून घेतो! मग मी काय केलं, माझ्याच दुकानात, खोट्या नावानं, माझ्याच पत्त्यावर एक उशी मागवली. हिरवी खूण, 'पाठवली'. उशीचा पत्ता नाही. रद्द केली. दुसऱ्या नावानं मागवली. रद्द केली. तिसऱ्या नावानं… नावं तरी किती सुचणार माणसाला? शेवटी कारखान्यातला वॉचमन, जुने घरमालक, शाळेत मला मारणारे मास्तर, सगळ्यांच्या माना आखडवल्या मी!

रविवारी दुपारी साडूला घरी बोलावलं. मेहुणीही आली. चहा झाला. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, 'साडूभाऊ, आता खरं काय ते सांगून टाका.' तो हसला. तो हसतोच हो, त्याला झोपेतून उठवलं तरी हसतो, यावर विश्वास ठेवायचा कसा? म्हणाला, 'कशाचं?' मी म्हटलं, 'उशांचं!' सगळा जाब विचारला, एकही मुद्दा सोडला नाही. मेहुणी उठून उभी राहिली, 'ताई, भाऊजी यांना चोर म्हणतायत का गं?' बायको म्हणाली, 'अहो!' नुसतं 'अहो'. आमच्या घरात त्या एका 'अहो'त अख्खा निकाल असतो. साडू मात्र शांत. 'थांबा, आपण सॉफ्टवेअरवाल्यांनाच विचारू,' म्हणाला आणि फोन लावून स्पीकरवर ठेवला की! मी म्हटलं, बघा, धीर बघा याचा!

पलीकडे एक मुलगी. गोड आवाज. गोड आवाजाचं मला आधीच वावडं. म्हणाली, 'सर, सॉफ्टवेअर व्यवस्थित आहे. त्या शिक्षिकाबाईंनी घर क्रमांक लिहिलाच नव्हता, फक्त दवाखान्याच्या मागे, एवढंच. बाकीच्यांचे पत्तेही असेच अर्धवट. आम्ही तुम्हाला मेल पाठवला होता, इथे दाबून पत्त्याची खात्री करा. तुम्ही काहीच केलं नाहीत.' काही केलं नाही कसं? पुसून टाकला! 'इथे दाबा' म्हटल्यावर कुठला शहाणा माणूस दाबतो? मी ते सगळे मेल भामट्यांचे समजून उडवत होतो, एकजात सगळे! मुलगी पुढं म्हणते, 'आणि सर, नंतर तुमच्या दुकानात फसवणूक सुरू झाली. एकाच घरातून, एकाच फोनवरून, वेगवेगळ्या नावांनी उशा मागवायच्या आणि रद्द करायच्या. एका घरात इतक्या माणसांच्या माना एकदम कशा आखडतील? म्हणून आमच्या सॉफ्टवेअरनं सगळं दुकानच संशयित म्हणून रोखून धरलं. तुमच्याकडे खूण हिरवी दिसते, कारण ती फक्त ऑर्डर आमच्यापर्यंत आल्याची असते, आणि रोखलंय हे संशयिताला आम्ही सांगत नाही.'

ऐकलंत? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! मी म्हटलं, त्या सगळ्या ऑर्डरी माझ्या नव्हत्या, एक कुठली तरी मावशी होती त्यात! तर बायको पदराशी चाळा करत म्हणते, 'ती मी. माझ्या मावशीच्या नावानं मागवली. तुम्ही दिवसभर त्या स्क्रीनपुढं करता तरी काय, ते बघत होते.' म्हणजे माझ्या घरात माझ्यावरच पाळत! आणि साडू म्हणतो, 'मीही मागवली होती की एक. माझ्याच नावानं, गोदामाच्या पत्त्यावर. म्हटलं, साडूभाऊंचं पहिलं दुकान, आपलीही एक खरेदी असावी.' आता सांगा, या वाक्यावर मी कुठं बघायचं? मला खरोखर शरम वाटली हो. मनापासून म्हटलं, 'चुकलं माझं.' तर तो हसला. पुन्हा!

पण दुकान सुटायला हवं ना! मुलगी म्हणाली, 'सर, मालकाची ओळख पटवा. फोनमध्ये बघा, चेहरा सहज ठेवा.' सहज म्हणजे कसा? आहे तो असा आहे! मी बघितलं. स्क्रीनवर आलं, 'व्यक्तीची खात्री पटली नाही.' पुन्हा बघितलं. 'खात्री पटली नाही.' बायको म्हणते, 'अहो, असे काय बघताय, कॅमेऱ्यानं काही चोरलंय का?' मग तिनं बघितलं, तर मावशीप्रकरणात तीही अडकलेली! शेवटी मुलगी म्हणाली, 'खऱ्या नावानं, खऱ्या पत्त्यावर मागवणारे ते गृहस्थ कोण? त्यांना जबाबदार व्यक्ती करता येईल.' साडूनं फोनकडे बघितलं, हसला, आणि टिंग! पहिल्या झटक्याला! यंत्राला माणूस कळत नाही म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही.

दुकान सुटलं. उशा गेल्या. बाईंचा फोन आला, 'अहो, मान वळली! सकाळी उजवीकडे बघितलं तर सूनबाई रडायलाच लागली, म्हणाली, आई, संपला का राग?' तुम्हाला सांगतो, मी बाईंना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. न बघितलेली, न दाबलेली उशी, आणि त्या बाईंची मान सरळ! दोन मिनिटं मी कुणावरही संशय घेतला नाही.

आता म्हणाल, मग तक्रार काय? तक्रार ही, की नव्या नियमानं प्रत्येक ऑर्डर आधी जबाबदार व्यक्तीकडे जाते. तो 'होय' म्हणेल तेव्हाच उशी हलते. सकाळी त्याचा फोन येतो, 'साडूभाऊ, त्या अमक्याचा पत्ता पुन्हा एकदा बघून ठेवा बरं का. आणि तमक्याला फोन करा.' मी म्हणतो, 'करतो.' दुपारी तो विचारतो, 'केलात?' मी म्हणतो, 'केला.' बायको आतून सगळं ऐकत असते. साडूच्या हाताखाली जायचं नाही म्हणून दुकान काढलं होतं मी… आणि आता त्याच्याच हाताखाली आहे, फक्त वीज माझी, खुर्ची माझी, आणि चहाही माझ्याच घरचा!